दहापैकी चार

“यात माझी चूक कुठं आहे, तेवढं दाखवा मला, सर.”

कुलथे सरांनी वही हबीब मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

मास्तर एका म्हातारीचा अर्ज लिहीत होते. हापशाची तक्रार होती. त्यांनी मान वर केली नाही.

“थांब,” म्हणाले.

आणि म्हातारीला तो अर्ज वाचून दाखवायला लागले. सगळा, पहिल्या ओळीपासून. वाचून झाल्यावर विचारलं, “हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?”

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “पाणी गढूळ येतंय, ते राहिलं की बाबा.”

मास्तरांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागले.

कुलथे सर उभेच. उन्हात. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी भुजंगा. इथल्याच शाळेत शिपाई. तीस वर्षं झाली, घंटा वाजवतोय आणि वह्यांचे गठ्ठे वाहतोय. रविवारी सकाळी दर्ग्याच्या कट्ट्यावर मास्तरांजवळ येऊन बसतो. हबीब इनामदार मास्तर आमच्याच शाळेत मराठी शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढं गेलेत. लिंबाखाली बसून लोकांना अर्ज लिहून देतात.

कुलथे सर त्यांचे विद्यार्थी. देवदत्त कुलथे. मास्तरांच्या जागी आता तेच मराठी शिकवतात. दर गुरुपौर्णिमेला शाल-नारळ घेऊन येतात, पाया पडतात, फोटो काढून घेतात. आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला त्या दिवशी भाषणात म्हणाले होते, “मी आज जो कुणी आहे तो इनामदार सरांच्या लाल पेनामुळं!” टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू. मास्तर पहिल्या रांगेत होते. खाली मान घालून बसले होते. पाण्याचा जग घेऊन मी बाजूलाच उभा होतो, म्हणून दिसलं.

आज नारळ नव्हता.

म्हातारी अर्जाची घडी करून गेली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“कुणाची वही?”

“शिवकन्या ढगे. नववी ब.”

“काय झालंय?”

“ते नंतर. तुम्ही आधी तपासणी बघा. एक तरी चूक माझ्या नजरेतून सुटलीय का, ते सांगा.”

काय झालंय ते मास्तरांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्हाला नसेल, म्हणून सांगतो.

शिवकन्या पंधरा वर्षांची पोर. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. तुळशीचं लग्न झालं आणि आठ दिवसांत तिचंही उरकलं. शेतात मांडव घातला, बँड नाही की पत्रिका नाही. महिनाभरानं तिच्या सासरच्या गावातल्या अंगणवाडीच्या बाईंनी तक्रार केली. तेवढी एक शहाणी निघाली. मग जिल्ह्याहून दोन मॅडम आल्या. पोरीला मावशीच्या घरी आणून ठेवलं. तिला विचारलं, “अगं, लिहितावाचता येतं तुला. कुणाला सांगितलं का नाहीस?”

पोरगी म्हणाली, “सांगितलं होतं. सरांनी दहापैकी चार दिले.”

मॅडमनी वही मागवली. झेरॉक्स काढून नेली. मुख्याध्यापकांनी कुलथे सरांकडं लेखी खुलासा मागितला, सोमवारी सकाळी टेबलावर पाहिजे म्हणून. सोमवारी मॅडम परत येणार होत्या. पोरगीही येणार होती.

म्हणून हा रविवार.

मास्तरांनी वही उघडली. मोठ्यानं वाचायला लागले.

“मोठ्यानं कशाला, सर?”

“मला आता तसंच वाचता येतं.”

कुलथे सर कट्ट्याच्या कडेला बसले.

“‘दिवाळीची सुट्टी,’” मास्तरांनी वाचलं. “‘या वर्षी आमच्या घराला रंग दिला. दर वर्षी देत नाहीत. आईनं मला तीन साड्या घेतल्या. ड्रेस घेतला नाही. मी विचारलं, तर म्हणाली आता ड्रेस काय करायचा...’ इथं हे लाल काय आहे?”

“बोलीभाषा. प्रमाण भाषेत लिहा, असं लिहिलंय.”

“हं.” मास्तर पुढं वाचायला लागले. “‘तुळशीचं लग्न झाल्यावर माझं आहे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो. मी त्याला बघितलं. त्यानं मला बघितलं नाही, तो मोबाईल बघत होता. मला दहावीला बसायचं आहे. मी आईला तसं सांगितलं. आई रडली आणि मग भाकरी करायला बसली...’ आणि इथं?”

“वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही. रडली आणि भाकरी... म्हणून प्रश्नचिन्ह टाकलंय.”

मास्तर त्या प्रश्नचिन्हाकडं बघत राहिले. पुढची ओळ वाचायला त्यांना वेळ लागला. चष्मा वर केला, वही उन्हात धरली.

“‘सर, सुट्टी लागायच्या आधी तुम्ही एकदा आमच्या घरी या. पप्पा दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. ते म्हणतात कुलथे सर म्हणजे मोठा माणूस.’”

मास्तर थांबले.

“समासात काय लिहिलंयस रे? बारीक आहे. तू वाच.”

कुलथे सरांनी वही हातात घेतली नाही. ते त्यांना पाठ होतं.

“निबंधात शिक्षकांना उद्देशून लिहू नये,” ते म्हणाले.

लिंबावर कावळे भांडत होते. दर्ग्याच्या आत कुणीतरी झाडू मारत होतं.

“आणि खालचा शेरा?”

“विषय सोडून लिहिले आहे. फराळ, किल्ला, आकाशकंदील यांचे वर्णन नाही.” सरांचा आवाज जरा चढला. “पण पुढचंही वाचा ना सर. नुसते दोष नाही काढलेत मी. प्रशिक्षणात सांगतात आम्हाला, मुलांना नाउमेद करू नका, दोन चांगले शब्द लिहा. ‘अक्षर सुंदर.’ लिहिलंय की नाही?”

“लिहिलंय.”

“‘प्रयत्न करत राहा.’ लिहिलंय की नाही?”

“लिहिलंय.”

मास्तरांनी बोट सहीवर ठेवलं. सहीच्या खाली तारीख होती. त्या तारखेला सुट्टी लागायला अजून बारा दिवस होते. आम्ही तिघांनीही ते मनात मोजलं असणार.

“केला होता तिनं, देवदत्त,” मास्तर म्हणाले. “प्रयत्न.”

सर उठून उभे राहिले.

“सहासष्ट मुलं आहेत एका वर्गात! तीन वर्ग आहेत माझ्याकडं. मी एक पान कोरं सोडत नाही. बाकीचे मास्तर नुसत्या टिका मारून वह्या परत देतात, त्यांना कुणी विचारत नाही. मी ओळ न् ओळ तपासतो, म्हणून आज मी सापडलो! सही केली नसती, तारीख टाकली नसती, तर वही माझ्यापर्यंत आलीच नाही म्हणता आलं असतं.”

आता यात खोटं काहीच नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. कुलथे सरांसारखा राबणारा मास्तर तालुक्यात नाही. महिन्याला डझनभर लाल रिफिली मीच आणून देतो. वही परत गेली की आईबाप पानं उलटून बघतात आणि खूश होतात, की बघा, सरांनी किती लाल केलीय. तपासणीला साहेब येतात तेही तेच करतात. वही उघडायची, लाल दिसलं की मिटायची, पुढची घ्यायची. आत पोरानं काय लिहिलंय ते त्या साहेबाला काय करायचंय?

पण म्हणून माझा राग काही गेला नाही. मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं.

“सर, त्या दिवशी ती पोरगी माझ्याकडं आली होती.”

“कोण?”

“शिवकन्या. गठ्ठा मी वर्गातून उचलला तेव्हा मागं पळत आली. म्हणाली, भुजंगमामा, माझी वही सगळ्यात वर ठेवा ना.”

कुलथे सर माझ्याकडं बघायला लागले. मास्तरही.

“मला वाटलं, पोरीला मार्कांची घाई झालीय. ठेवली वर.”

“मग?”

“मग काय! तुमच्या खोलीच्या दारापर्यंत वर होती. दारात आल्यावर काढली आणि त्रेचाळीस नंबरला घातली. हजेरीचा क्रम चुकला की तुम्ही गठ्ठा अंगावर फेकता.”

“मला एका शब्दानं सांगायचं नाही का, भुजंगा?”

“काय सांगायचं? शिपायानं मास्तरला सांगायचं, की ही वही आधी वाचा म्हणून? ऐकलं असतंत?”

सांगून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. कसलं मोकळं अन् काय. ती पोरगी पळत आली होती, तिला दम लागला होता, एवढंच डोळ्यापुढं यायला लागलं.

मास्तर म्हणाले, “खुलासा आणलायस?”

सरांचा चेहरा बदलला. याच कामासाठी ते आले होते. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. लहानपणी असाच करत असतील.

“तुमच्या नजरेखालून गेला की माझी काळजी मिटली, सर. भाषा कुठं कमीजास्त झाली असेल तर... नोकरीचा प्रश्न आहे. निलंबन करतील म्हणतात. सत्तावीस वर्षांत कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही.”

“पेन दे.”

सरांच्या खिशाला कायम दोन लाल पेनं. त्यांनी एक काढून दिलं.

मास्तर कागदावर वाकले. या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्या ओळीत एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली. समासात काहीतरी बारीक लिहिलं. हाताचा वेग बघण्यासारखा होता. तीस-पस्तीस वर्षांची सवय, जाते कुठं? शाळा सुटल्यापासून मास्तरांच्या हातात लाल पेन मी पहिल्यांदाच बघत होतो. अर्ज ते निळ्या शाईनं लिहितात आणि एखादा शब्द चुकला तर कागदच बदलतात. मघाशी सांगितलंच की.

कुलथे सर जरा सैल झाले. मला म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात तपासणं.”

मास्तरांनी शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. खाली शेरा लिहिला. सही केली. तारीख टाकली. कागद परत दिला.

सर वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी आली. मग कान तांबडे झाले.

“सर... हे काय?”

“काय?”

“शेवटचं वाक्य तुम्ही काट मारून टाकलंत.”

“कुठलं?”

सरांनी वाचून दाखवलं. “‘ही वही परत वाचल्यापासून मला वर्गात उभं राहवत नाही, आणि त्या मुलीच्या बाकाकडे बघवत नाही.’ हे खोडलंत. आणि बाजूला लिहिलंत...” त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “लिहिलंत, ‘खुलाशात स्वतःच्या भावना लिहू नयेत.’”

“पुढं?”

“‘विषय सोडून लिहिले आहे.’”

“पुढं?”

“‘अक्षर सुंदर. प्रयत्न करत राहा.’” सरांनी कागद खाली केला. “चार दिलेत. दहापैकी.”

“कमी वाटले?”

“सर, तुम्ही वाचलंत तरी का?” कुलथे सर ओरडले. खरंच ओरडले. दर्ग्यातला झाडू थांबला. “तेवढं एकच वाक्य खरं होतं त्यात! बाकी सगळा कागद मी हेडमास्तरांसाठी लिहिला. ते एक वाक्य माझं होतं. चार रात्री झोपलो नाही, तेव्हा आलं ते. आणि तुम्ही त्याच्यावर...”

बोलता बोलता ते थांबले.

हातात त्यांचा कागद होता. कट्ट्यावर शिवकन्येची वही उघडी पडली होती. वाऱ्यानं पान हलत होतं. लाल इकडंही होतं, तिकडंही होतं.

ते खाली बसले. कट्ट्यावर नाही, खाली फरशीवर.

मी उठून माठातलं पाणी आणलं. मास्तरांनी घेतलं. सरांनी तांब्या नुसता धरून ठेवला.

आता प्रकरण इथं संपायला हवं होतं. शिष्याला चूक कळली, गुरूचा हात पाठीवर, असं. पण माणूस दुखावला की कुणाला तरी घेऊनच बुडतो. कुलथे सर मान वर न करता म्हणाले:

“हे मी तुमच्याकडूनच शिकलोय, सर.”

मास्तर ऐकत होते.

“मी सातवीत होतो. तुम्ही निबंध घातला होता, ‘माझी आई’. आठवतंय?”

“दर वर्षी घालायचो.”

“त्या वर्षी मी लिहिला होता. आई आजारी पडली ते लिहिलं. तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं ते लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, ‘आई रविवारी गेली.’ एवढंच. पुढं मला काही सुचेना. सुतक फिटून चार दिवस झाले होते, तसाच शाळेत आलो होतो.”

मास्तरांचा हात गुडघ्यावर होता. तो तिथंच राहिला.

“तुम्ही सहा दिलेत. शेरा लिहिलात, ‘शेवट घाईत उरकला आहे. पुन्हा लिहून आण.’”

“...मला ठाऊक नव्हतं, देवदत्त.”

“वहीत होतं, सर.”

मी दुसरीकडं बघायला लागलो. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडं अशा वेळी बघू नये.

“मी पुन्हा लिहून आणला,” कुलथे सर म्हणाले. “तुम्ही साडेसहा दिलेत. पुन्हा आण म्हणालात. परत लिहिला. सात. चौथ्यांदा नऊ दिलेत. वर्गात वाचून दाखवलात. सगळ्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्यात.”

“चौथ्यांदा काय लिहिलं होतंस?”

सर हसले. असं हसणं मी कुणाचं बघितलं नाही, आणि परत बघायला नको.

“चौथ्यांदा मी तिला जिवंत ठेवलं. आई मला रोज पहाटे उठवते, गरम भाकरी करून देते, दप्तर भरून देते. तिच्या मायेचं ऋण कधी फिटणार नाही, असा शेवट केला. तो तुम्हाला आवडला.”

मास्तरांनी डोळे मिटले होते.

“पण माझा त्याबद्दल राग नाही, सर,” कुलथे सर घाईघाईनं म्हणाले. “खरंच नाही. त्याच शेऱ्यानं मी घडलो. नाहीतर गल्लीतल्या पोरांसारखा कुठंतरी हमाली करत बसलो असतो. मी सगळीकडं सांगतो हे. भाषणात सांगतो. तुम्ही होतात म्हणून मी आहे.”

“आई रविवारी गेली ते सांगतोस भाषणात?”

“...नाही. नऊ मार्क मिळाले ते सांगतो.”

मास्तरांनी शिवकन्येची वही उचलली, मिटली, कव्हरवरची धूळ हातानं पुसली. खाकी कव्हर, वर लाल स्केचपेननं नाव, नावाच्या भोवती फुलं काढलेली. नववीतल्या पोरी काढतात तसली.

“सोमवारी येणार ती?”

“हो. मावशी घेऊन येणार आहे. मॅडम म्हणाल्या, शाळेत परत बसायचं का ते तिलाच विचारू.”

“ती काय म्हणतेय?”

मला ते ठाऊक होतं. मावशीचं घर माझ्या घरामागंच आहे. मी सांगितलं, “म्हणते, शाळेत येईन. मराठीच्या तासाला बाहेर बसेन.”

सरांनी तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं. त्यांच्या पँटवर सांडलं, फरशीवर सांडलं. त्यांनी पुसलं नाही.

खुलाशाचा कागद त्यांनी हातात घेतला. मला वाटलं फाडतात. फाडला नाही. मास्तरांनी काट मारलेल्या त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “वरचं सगळं काढतो. एवढं एकच वाक्य ठेवतो आणि सही करतो.”

मास्तर गप्प.

“नोकरी गेली तर जाऊ दे.”

हे म्हणायला सोपं आहे, हे मास्तरांनाही कळत असणार आणि मलाही कळत होतं. घरी दोन पोरं शिकतायत सरांची. पण माणूस खरं बोलत होता त्या वेळेपुरतं, एवढं मी शपथेवर सांगीन.

“तिच्या घरी जाईन. आता जाऊन काय उपयोग म्हणा... तरी जाईन. तिच्या पप्पांना भेटेन. तिला समोर बसवून हा निबंध वाचीन, तुम्ही वाचलात तसा. विचारीन, हेच म्हणायचं होतं ना तुला...”

आणि मग ते रडले. बावन्न वर्षांचा माणूस, आदर्श शिक्षक, दर्ग्याच्या फरशीवर बसून आईनं टाकल्यासारखा रडला. मला त्यांचा राग यायचा तो आला नाही. त्याचाच मला राग आला.

मास्तरांनी हात पुढं केला. सरांच्या डोक्यावर ठेवणार असं वाटलं. पण हात मध्येच थांबला आणि परत गुडघ्यावर गेला.

कुलथे सरांनी बाहीनं नाक पुसलं. वही छातीशी धरली. उठले. वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला, नेहमीसारखा. वाकलेलेच राहिले.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“ती मला माफ करेल?”

दर्ग्यातला झाडू परत सुरू झाला होता. मास्तर त्यांच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. एवढं आयुष्य गेलं माणसाचं, दोन शब्द तर असतीलच जवळ.

“देवदत्त,” मास्तर म्हणाले, “तू मला केलंस?”